पूर्ण एक मिनिट

फोन वाजला तेव्हा छटाक एका माणसाचा खोटेपणा लाल पेन्सिलीनं अधोरेखित करत होती.

त्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. दूर डोंगरावरच्या केंद्रात बसून तो रोज पहाटे तापमान मोजायचा, किंवा मोजतो असं लिहायचा. महिन्याच्या तीस नोंदींपैकी तेवीस नोंदींच्या शेवटी शून्य होतं, नाहीतर पाच. पारा असा शहाण्यासारखा वागत नाही. तिनं समासात एकच शब्द लिहिला : ‘घरबसल्या.’ हवामान कार्यालयात बावीस वर्षं ती हेच करत आली होती. लोकांनी पाठवलेले आकडे वाचायचे आणि कुठले मोजलेत, कुठले मनानं रचलेत ते सांगायचं.

छटाक हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडील वजनमापे निरीक्षक. मुलगी जन्मली ती ओंजळभर, म्हणून त्यांनी छटाक म्हटलं आणि ते तिला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत चिकटून राहिलं. त्या नावाला जन्म देणारा माणूस जाऊन आता तीन आठवडे झाले होते.

फोनवर तपास अधिकारी होते.

“रक्ताचा अहवाल आलाय. ठोके आवरायची ती संध्याकाळची गोळी. असायला हवी त्याच्या चौपट.”

“चौपट?”

“चौपट. तुमच्या भावाचं म्हणणं, सिस्टरनं दिल्या. मी पाच वाजता कागद पुढे पाठवतोय. त्याआधी काही सांगायचं असलं तर वडिलांच्या घरी या.” पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. “गोळ्यांची डबी तुम्हीच भरत होतात ना?”

तो प्रश्न नव्हता हे तिला कळलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

*

वडिलांच्या खोलीत चार माणसं म्हणजे गर्दी. त्यातली तीन एकमेकांकडे न बघता उभी होती.

दादा खिडकीला टेकला होता. तरणतलावाचा मुख्य प्रशिक्षक. रुंद खांदे, गळ्यात शिट्टी, केसांना कायमचा क्लोरीनचा वास. सिस्टर दाराजवळ, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. दीड वर्षं ती सकाळी आठ ते पाच या घरात येत होती. आज तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. अधिकारी वडिलांच्या खुर्चीत बसले होते, आणि ते छटाकला आवडलं नाही.

“आलीस?” दादा म्हणाला. “शनिवार नाही आज.”

“तू तलावावर नाहीस, मग मीही येऊ शकते.”

“ऐकलंत साहेब? आठवड्यातून एकदा यायचं, सात झाकणं भरायची, आणि वर टोमणे. रोजचं करणारे आम्ही.”

“भांडण नंतर,” अधिकारी म्हणाले. “आधी मला हे परत एकदा समजून घेऊ द्या. आजार काय होता?”

छटाकनं सांगितलं. वडिलांचे ठोके ताल सोडून पडत. तीन घाईघाईनं, मग एक दांडी, मग दोन लगटून. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत. तिथं रक्त साचतं, त्याची गुठळी होते. तशीच एक गुठळी मागल्या वर्षी डोक्यात गेली आणि उजवा हात लुळा पडला. त्यानंतर दोन गोळ्या. सकाळी रक्त पातळ ठेवणारी, ती सिस्टर देई. संध्याकाळी सातला ठोके आवरणारी, ती दादा. मात्र संध्याकाळच्या गोळीआधी नाडी मोजायची. साठच्या खाली असेल तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. मूत्रपिंडं थकलेली होती. जास्त गेलेली गोळी शरीरातून लवकर बाहेर पडली नसती.

“आणि या डबीत?”

“फक्त संध्याकाळची गोळी. शनिवार ते शुक्रवार, सात कप्पे, एकेक गोळी. मी एकेकच भरली.”

“तुम्ही म्हणता.”

“हो. मी म्हणते.”

अधिकाऱ्यांनी टेबलावरची डबी पुढे सरकवली. शनिवार ते बुधवार रिकामे. गुरुवार, शुक्रवार भरलेले. गुरुवारी सकाळी वडील गेले होते.

“बघा ना,” दादा म्हणाला. “पाच दिवस, पाच गोळ्या. डबी बरोबर. म्हणजे जादाच्या गोळ्या आल्या त्या पाकिटातून. पाकीट कपाटात, किल्ली सिस्टरकडे.”

“किल्ली तुमच्याकडे पण होती, सर,” सिस्टर म्हणाली.

“मला ‘सर’ म्हणू नकोस.”

“पाकिटातल्या किती कमी आहेत?” छटाकनं विचारलं.

“पाकीट अर्धं वापरलेलं,” अधिकारी म्हणाले. “कुणी मोजून ठेवलेलं नाही. सिस्टर, तुम्ही परवा सांगितलंत ते यांच्यासमोर सांगा.”

सिस्टरनं घसा साफ केला. तिच्या आवाजात विनवणी नव्हती. राग होता, घडी घालून ठेवलेला.

“मंगळवारी सकाळी आजोबांची नाडी सत्त्याण्णव लागली. गोळी चालू असताना इतकी वर का, म्हणून मी डबी उघडली. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही कप्प्यांत गोळ्या तशाच. संध्याकाळचे आकडे सर कधीकधी मागाहून भरायचे, म्हणून वहीतली जागा कोरी दिसूनही तोवर मला शंका आली नव्हती. मी वहीत लिहिलं आणि सरांना फोन केला. म्हणाले, मी बघतो. बुधवारी सकाळी नाडी चव्वेचाळीस. आजोबांना मळमळत होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. परत फोन केला. म्हटलं, आज गोळी देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. म्हणाले, कळवतो.”

“थापा,” दादा म्हणाला.

“तुमचे फोनवरचे कॉल आम्ही पाहिले,” अधिकारी दादाला म्हणाले. “मंगळवार आठ वीस, बुधवार आठ दहा.”

“सुट्टी मागत होती. दोन्ही वेळा. साहेब, वही आहे ना तुमच्यापुढे? कुठंय सत्त्याण्णव? कुठंय चव्वेचाळीस?”

अधिकाऱ्यांनी वही उघडून छटाककडे दिली. शेवटचं लिहिलेलं पान.

शनिवार, सकाळ ७२, संध्याकाळ ७८.
रविवार, ६६, ७२.
सोमवार, ७२, ६६.
मंगळवार, ७८, ७२.
बुधवार, ६६, ६६.

प्रत्येक संध्याकाळपुढे ‘७ वाजता’ आणि गोळी दिल्याची बरोबरची खूण. सही कुणाचीच नाही. या वहीत कधीच कुणी सही करत नसे.

“हे पान माझं नाही,” सिस्टर म्हणाली. “मी हे लिहिलेलंच नाही.”

“आकड्यांचं अक्षर तज्ज्ञाकडे पाठवता येईल,” अधिकारी म्हणाले, “पण दहा आकड्यांवरून तोही छातीठोक सांगणार नाही. सिस्टर, वही तुमच्या विरुद्ध आहे.”

“सिस्टर, तुम्ही स्वतः डॉक्टरांना का फोन केला नाहीत?” छटाकनं विचारलं. तिलाही ऐकू आलं की आपण हे चढ्या आवाजात विचारलं.

“आमच्या संस्थेचा नियम आहे. घरच्या एका माणसाला कळवायचं, त्यानं ठरवायचं. फॉर्मवर ज्याचं नाव, त्याला.” सिस्टरनं तिच्याकडे सरळ पाहिलं. “नियम मोडायला हवा होता. ते मला रोज सुचतंय. पण त्यासाठी मला खुनी ठरवू नका. नोंदणी गेली की या कामातून मी कायमची उठले.”

“आणि आजोबांना विचारलं नाहीत, मुलगा आला होता का म्हणून?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.”

छटाक वहीच्या पहिल्या पानाकडे गेली. ते वडिलांनी डाव्या हातानं लिहिलं होतं. अक्षरं वाऱ्यात सापडल्यासारखी.

‘या वहीत अठ्ठेचाळीस पाने आहेत. मोजून घेतली. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी.’

‘पूर्ण एक मिनिट’खाली दोन रेघा. ज्याचे ठोके एकसारखे पडतात त्याचे थोडे मोजून गुणाकार केला तरी भागतं, डॉक्टर म्हणाले होते. यांचे तसे नाहीत. तेव्हा वडील खूश झाले होते. “म्हणजे काटा हलत असताना वजन वाचायचं नाही,” ते म्हणाले होते. “नाहीतर ते मापात पाप.” चाळीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत हेच सांगितलं होतं, आणि त्यापायी दोनदा मारही खाल्ला होता.

ती एकेक पान उलटत पुढे आली. मागल्या आठवड्यांच्या सकाळी : ७१, ८३, ६७, ७९, ७४. संध्याकाळी : ७२, ८४, ६६, ७८, ७२. मग पुन्हा शेवटचं पान. तिनं ते तीनदा वाचलं. पान उलटताना वहीच्या मागच्या बाजूचं एक कोरं पान सुटून तिच्या मांडीवर पडलं. तिनं ते परत आत सरकवलं.

“काय वाचतेस एवढं?” दादा म्हणाला. “हवामानाचा अंदाज?”

“गुरुवारी तू सहा वाजता इथं कसा आलास?”

“म्हणजे?”

“तू संध्याकाळी येतोस. सकाळी सहाला तुझा तलाव सुरू होतो. बाबा गेले त्याच दिवशी तू तलाव सोडून इकडे. का?”

“सहज. बापाला बघायला मुलानं परवानगी काढायची?”

“दीड वर्षात सहज कधी आलास?”

“तू आकड्यांत राहा,” तो म्हणाला. “आम्ही माणसांत राहतो.” शिट्टी शर्टात सरकवून तो दाराकडे निघाला. सिस्टरला बाजूला व्हावं लागलं. “दोनला माझी बॅच आहे. पाचला येतो, साहेब.”

तो गेल्यावर छटाक म्हणाली, “मला चारपर्यंत वेळ द्या. आणि वही इथंच राहू द्या, तुमच्या डोळ्यांसमोर. मलाही देऊ नका.”

“काही हाती लागल्यासारखं दिसतंय?”

“अजून नुसता वास आला आहे.”

“आकड्यांवरून मी कुणाला धरू शकत नाही, बाई.”

“मी रोज धरते,” छटाक म्हणाली.

*

तरणतलावाच्या काठावर ती चप्पल हातात घेऊन उभी राहिली. छप्पर पत्र्याचं, प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता. समोरच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ, त्याला एकच लाल काटा, सेकंदांचा.

दादानं तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शिट्टी वाजली. सहा पोहणाऱ्या मुली कठड्याला येऊन लोंबकळल्या. दादा ओणवा होऊन एकेकीच्या मानेवर दोन बोटं टेकवत गेला. डोळे घड्याळावर. लाल काटा दोनवरून चारवर गेला की पुढची.

“एकशे अडुसष्ट. चांगलं. तुझे... एकशे शहाऐंशी. जास्त ताणतेस. तुझे एकशे छप्पन्न, म्हणजे तू आज झोपा काढतेस.”

“सर, काल मी आले नव्हते म्हणून—”

“काल आली नव्हतीस तर कालच्या दहा फेऱ्या आज काढ. आजच्या दहा वेगळ्या. इथं सुटलेलं सोडून द्यायचं नाही, भरून काढायचं. किती वेळा सांगू?”

मुलगी पाण्यात वळली.

छटाक कार्यालयात गेली. दार उघडं होतं. भिंतीवर वडील गेले त्याच आठवड्यातल्या आंतरक्लब स्पर्धेचे निकाल चिकटवलेले : शनिवार, रविवार, सोमवार. प्रत्येक शर्यतीपुढे वेळ आणि वेळ नोंदवणाऱ्याची सही. सायंकाळी साडेसहा. सात. सात वीस. आठ. सही एकाच माणसाची होती, तिन्ही दिवस. त्या हाताचं वळण तिला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ठाऊक होतं. तिथं वडिलांची सही दादाच तिच्यासाठी ठोकायचा, लिमलेटच्या एका पुडीच्या बदल्यात. तेव्हा ते दोघं एका बाजूला होते.

“काय शोधतेस?” तो दारात होता. अंगावरून पाणी ठिबकत होतं.

“शनिवारी सात वाजता तू कुठे होतास?”

“बाबांकडे.”

“रविवारी?”

“बाबांकडे. वहीत आहे.”

“आणि हे?”

त्यानं भिंतीकडे पाहिलं. “मधे जाऊन आलो.”

“जायला अर्धा तास, यायला अर्धा. साडेसहाला इथं सही, सातला इथं, सात वीसला इथं.”

“सह्या नंतर एकदम करतात. तुझ्या कार्यालयात नाही करत?” तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, “एक सांगू? तू त्या बाईला वाचवत नाहीयेस. तुला मला पाडायचंय. बाबांनी तुला छटाक म्हणून खांद्यावर नाचवलं आणि मला आयुष्यभर तोलत बसले. आता ते नाहीत, तर तू तोलणार.”

तिनं फोननं निकालांच्या कागदांचे फोटो काढले, एकेक करून, त्याच्यासमोर.

*

चारला सगळे पुन्हा त्याच खोलीत. दादाला अधिकाऱ्यांनी माणूस पाठवून लवकर बोलावलं होतं. तो घुश्शातच आला.

“साहेब, आधी एक छोटंसं काम,” छटाक म्हणाली. “तुमचा हात द्या. दादा, साहेबांची नाडी बघ.”

“मला काय झालंय?” अधिकारी म्हणाले.

“काही नाही. तपासाचा भाग.”

“हा काय पोरखेळ आहे,” दादा म्हणाला. पण त्याचा हात आपसूक पुढे झाला होता. दोन बोटं मानेवर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. “अठ्ठ्याहत्तर.”

“इतक्यात झालं?”

“सवय आहे.”

“सिस्टर, आता तुम्ही.”

सिस्टरनं पर्स खाली ठेवली. अधिकाऱ्यांचं मनगट धरलं, छातीवर लावलेलं छोटं घड्याळ उलटं करून त्याकडे पाहत राहिली. एक मिनिट किती लांब असतं ते तेव्हा कळलं. दादानं पाय बदलला. अधिकाऱ्यांनी छताकडे पाहिलं.

“पंचाहत्तर,” सिस्टर म्हणाली.

“तीनचा फरक. त्यानं काय होतं?” दादा म्हणाला.

“निरोगी माणसाला काहीच नाही,” छटाक म्हणाली. “साहेब, माझा भाऊ दहा सेकंद मोजतो आणि सहानं गुणतो. तलावावर सगळे तसंच करतात. पोहणारा दमून काठाला आला की त्याचे ठोके भराभर उतरतात, मिनिटभर थांबून चालत नाही. तिथं ते बरोबरच आहे. पण त्यामुळे त्याच्या जगात नाडी नेहमी सहाच्या पाढ्यातच येते. एकशे अडुसष्ट, एकशे शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर. त्यानं आयुष्यात कधी एकाहत्तर नाडी पाहिलेली नाही.”

अधिकाऱ्यांनी वही जवळ ओढली.

“मागली पानं बघा. संध्याकाळचे आकडे त्याचे. बाहत्तर, चौऱ्याऐंशी, सहासष्ट. सगळे सहाचे. बाबांनी पूर्ण मिनिट लिहून ठेवलं होतं, त्यानं ते एक दिवसही पाळलं नाही. सकाळचे आकडे सिस्टरचे. एकाहत्तर, त्र्याऐंशी, सदुसष्ट, एकोणऐंशी. कुठल्याच पाढ्यात न बसणारे. हे खरोखर मोजलेले आकडे आहेत. आता शेवटचं पान.”

अधिकारी ओठ हलवत वाचू लागले. बाहत्तर. सहासष्ट. बाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. सहासष्ट.

“सकाळचेही,” ते म्हणाले.

“सकाळचेही. पाचच्या पाच. दीड वर्षं पूर्ण मिनिट मोजणारी बाई शेवटच्या पाच दिवसांत अचानक सहाच्या पाढ्यानं मोजू लागली? की ते पाच आकडे मनानं रचताना रचणाऱ्याला दुसरे आकडे सुचलेच नाहीत? आमच्याकडे याला घरबसल्या भरलेली नोंद म्हणतात. खोटं बोलताना माणूस आपल्याच सवयीतून बोलतो.”

“योगायोग,” दादा म्हणाला. “आकड्यांचं काय, कशालाही भागतात.”

“साहेब, पानं मोजा.”

“काय?”

“पहिल्या पानावर बाबांनी लिहिलंय, अठ्ठेचाळीस. ते खात्यात होते. नोंदवहीतलं पान कुणी गायब करू नये म्हणून आधी मोजून लिहायची त्यांची रीत. मोजा.”

अधिकाऱ्यांनी अंगठा ओला करून मोजलं. एकदा. मग पुन्हा. मधेच मागचं कोरं पान सुटून खाली पडलं आणि तेही त्यांनी मोजलं.

“सत्तेचाळीस.”

“ते सुटं पान फाडलेल्या पानाचं जोडपान. शिवलेल्या वहीतून एक ओढलं की दुसरं सैल होतं. फाडलेल्या पानावर सत्त्याण्णव होते, चव्वेचाळीस होते, आणि तीन कप्पे भरलेले आहेत हा सिस्टरचा शेरा होता. गुरुवारी सकाळी सहा ते आठ ही वही माझ्या भावाच्या हातात होती. सिस्टर येईपर्यंत नवं पान तयार होतं.”

सिस्टर प्रथमच भिंतीला टेकली.

“पण चौपट?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “ते कसं?”

“शनिवार, रविवार, सोमवार हा इथं आलाच नाही. स्पर्धा होती. त्याच्याच सह्या आहेत, फोटो माझ्याकडे आहेत. बाबांच्या हातानं झाकणं उघडत नव्हती. गोळी नाही, म्हणून मंगळवारी ठोके सत्त्याण्णव. सिस्टरनं कळवलं, तीन गोळ्या राहिल्यात. मग यानं काय केलं? आज दुपारी तलावावर एक मुलगी आदल्या दिवशी आली नव्हती. यानं तिला कालच्या फेऱ्या आज काढायला लावल्या. सुटलेलं सोडायचं नाही, भरून काढायचं.” ती दादाकडे वळली. “तू बाबांनाही भरून काढायला लावलंस. मंगळवारी संध्याकाळी चारही गोळ्या एकदम. म्हणून डबी इतकी बरोबर. तीच तू आम्हाला पुरावा म्हणून दाखवलीस.”

“मला त्यांना मारायचं नव्हतं,” दादा म्हणाला.

त्यानं ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की क्षणभर कुणाला कळलंच नाही, त्यानं कबूल केलं आहे.

“मला वाटलं मागे पडलेत, भरून निघेल. औषधच आहे, विष नाही.”

“आणि बुधवारी?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “सिस्टरनं गोळी देऊ नका सांगितलं होतं.”

“डॉक्टरांना फोन केला असता तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, तीन दिवस कुठे होतास.” तो खाटेच्या रिकाम्या लोखंडी पट्ट्यांकडे बघत होता. “पण मी मोजले. देण्याआधी मोजले. नियम पाळला. दहा ठोके लागले. दहा सक साठ. साठच्या खाली नव्हते.”

“दहा सेकंदांत दहा,” सिस्टर म्हणाली. “त्यांचे कसेही पडायचे. एकदा दहा लागले, तर पुढच्या दहा सेकंदांत सहा लागले असते. पूर्ण मोजले असते तर पन्नासही भरले नसते.”

“मग वहीत साठ का नाही लिहिलेत?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “सहासष्ट आहेत.”

“साठ फार काठावर वाटले.”

छटाक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता. लहानपणी मागून ढकलून त्यानंच तिला पाण्यात पहिल्यांदा उतरवलं होतं, आणि ती बुडते म्हणताच त्यानंच वर ओढलं होतं.

“पन्नास सेकंदं,” ती म्हणाली. “आणखी पन्नास सेकंदं बोटं तशीच ठेवायची होती. तेवढी नव्हती तुझ्याकडे. आणि वही बदलायला दोन तास होते.”

“त्यांनी मला काही विचारलं नाही,” तो म्हणाला. “मंगळवारी गेलो तर तीन दिवसांबद्दल एक शब्द नाही. नुसतं तोंड उघडलं, गोळ्यांसाठी.”

“सगळ्या गावाला त्यांनी पावशेराचंही माप सोडलं नाही. तुला तीन दिवस सोडले. आणि तू ते दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात अडकवलेस.”

त्यानं सिस्टरकडे पाहिलं नाही. शेवटपर्यंत पाहिलं नाही. अधिकाऱ्यांनी वही, सुटं पान आणि डबी पाकिटात घातली, पाकीट बंद केलं, आणि त्याला पुढे चालायला सांगितलं. दारातून बाहेर पडताना त्यानं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

खोलीत दोघी उरल्या.

“सिस्टर,” छटाक म्हणाली, “सकाळी मी ज्या आवाजात तुम्हाला विचारलं—”

“चालायचं. सगळ्याच घरांत तसंच विचारतात.” सिस्टरनं पर्स उचलली. “तुम्ही हुशार आहात, ताई. तुमच्यामुळे मी सुटले, ते विसरणार नाही. पण एक बोलू?”

“बोला.”

“दीड वर्षात तुम्ही पंचाहत्तर शनिवार तरी आला असाल. डबी भरलीत, बाबांच्या कपाळावर हात ठेवलात, आणि गेलात. तुमचा नंबर मला एकदाही दिला नाहीत. फॉर्मवर एकच नाव होतं. त्या बुधवारी मी सरांचा फोन ठेवला आणि आणखी कुणाला करता येईल म्हणून ही भिंत न् भिंत शोधली. कुठं तरी लिहिलेला असेल म्हटलं.”

ती थांबली नाही. पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, मग फाटकाचा.

छटाक वडिलांच्या खुर्चीत बसली. समोरच्या भिंतीवर डॉक्टरांचा नंबर होता, दादाचा होता, रुग्णवाहिकेचा होता. वडिलांच्या डाव्या हाताचे वाकडे आकडे. त्यांच्याखाली जागा कोरी होती, बरोबर एका ओळीची. तिला आठवलं, ती ओळ सोडताना त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं होतं, आणि ती म्हणाली होती, पुढच्या शनिवारी लिहिते.